सात दिवसांची नोट : पनामा, ऑक्टोबर १९४१

ही गोष्ट पनामाच्या पाच बाल्बोआच्या एका नोटेची आहे; बाल्बोआ हे तिथलं चलन. मुंबईतल्या एका नाणी-नोटांच्या प्रदर्शनात एका तरुण विक्रेत्याने अल्बमचं पान उलटलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काका, हे बघा. पनामा. सात दिवसच चाललेली नोट. परत दिसायची नाही.” नोट कोरी करकरीत होती. घडी नाही, पिनेचं भोक नाही, कडेला मळ नाही. किंमत अठरा हजार रुपये.

मी मध्य अमेरिकेच्या नोटा बरीच वर्षं जमवतो आहे. ग्वाटेमालाचा केत्झाल, होंडुरासचा लेम्पिरा, निकाराग्वाचा कोर्दोबा, एल साल्वादोर आणि कोस्टा रिकाचे कोलोन अशी माझ्या अल्बममधली रांग आहे. कोस्टा रिकानंतरचं पान मात्र रिकामं. तिथे पनामाचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं आहे आणि खाली काही नाही. हा आळस नव्हे. पनामा देशाने आपली कागदी नोट अशी आयुष्यात एकदाच काढली, आणि ती आठवडाभर टिकली.

त्यामुळे हात शिवशिवले हे कबूल करतो. पण ही नोट खरी असती तर तिची किंमत अठरा हजार नसती. खऱ्या नोटांचे लिलाव हजारो डॉलरमध्ये होतात, आणि तेही मळलेल्या नोटांचे. म्हणून नोट हातात घेण्याआधी मी तिची गोष्ट मनात पहिल्यापासून लावून पाहिली. संग्राहकांत ही गोष्ट फार सुटसुटीत करून सांगितली जाते: देशभक्त राष्ट्राध्यक्षाने डॉलर झुगारून आपली नोट काढली, अमेरिकेने त्याला सात दिवसांत उडवलं, नोटा जाळल्या. ऐकायला झकास आहे. यातलं काही खरं आहे, पण नोटेला अधिक मोलाचं करणारं जे आहे तेच यातून गळतं.

नाव स्वतःचं, कागद दुसऱ्याचा

पनामा कोलंबियापासून वेगळा झाला तो ३ नोव्हेंबर १९०३ रोजी. त्याआधी, १८९९ ते १९०२, कोलंबियात यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि युद्धाचा खर्च भागवायला सरकारने इतक्या नोटा छापल्या की शेवटी सोन्याचा एक पेसो म्हणजे कागदी शंभर पेसो असा भाव कायद्यानेच मान्य करावा लागला. हा कागद पनामाच्या लोकांनी हाताळलेला होता. नव्या देशाच्या १९०४ च्या राज्यघटनेत सक्तीच्या कागदी चलनाला बंदी आली, ती या पोळलेल्या तोंडाने आलेली आहे. तेव्हा कुणाला ती गुलामी वाटली नसणार. शहाणपणच वाटलं असणार.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेचे युद्धमंत्री विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांच्याशी चलनाचा करार झाला. एक बाल्बोआ म्हणजे ९०० कसाचं १.६७२ ग्रॅम सोनं, म्हणजे बरोबर एक अमेरिकी डॉलर. नाव ठेवलं वास्को नुन्येस दे बाल्बोआचं, ज्याने १५१३ मध्ये पनामाच्या डोंगरावरून प्रशांत महासागर पाहिला. चांदीची नाणी पनामाची, त्यांवर बाल्बोआचा चेहरा. कागद मात्र अमेरिकी डॉलरचाच. हिशेबाच्या वहीत बाल्बोआ लिहायचा आणि खिशातून डॉलर काढायचा, ही रीत तिथे आजही चालते.

इथे एक तपशील सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पनामा कालवा खणणाऱ्या लोकांचे दोन हजेरीपट होते, एक ‘सोनेरी’, एक ‘रुपेरी’. सोनेरी पटावर मुख्यतः गोरे अमेरिकी, त्यांचा पगार अमेरिकी पैशात. रुपेरी पटावर बार्बाडोस, जमैका आणि इतर बेटांवरून आलेले काळे मजूर आणि बाकीचे परके, त्यांचा पगार पनामाच्या चांदीच्या नाण्यांत. पुढे तीच नावं पोस्टाच्या खिडक्यांना लागली, दुकानांना लागली, पाण्याच्या नळांनाही लागली. म्हणजे या मुलुखात तुम्हाला पगार कोणत्या पैशात मिळतो यावरून तुम्ही कुठल्या रांगेत उभं राहायचं ते ठरत होतं. कालवा १९१४ मध्ये सुरू झाला, तरी ही सोन्या-चांदीची वाटणी नावासकट १९४० च्या दशकापर्यंत तगून होती.

दुसरी ठिणगी १९३४ ची. कालव्याच्या जागेपोटी अमेरिका पनामाला दरवर्षी अडीच लाख सोन्याचे डॉलर देत असे. जानेवारी १९३४ मध्ये रूझवेल्ट सरकारने सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलरवर नेला. डॉलर हलका झाला आणि त्याला दोरीने बांधलेला बाल्बोआही, कुणी न विचारता, खाली आला. त्या वर्षी अडीच लाखांचा चेक नेहमीप्रमाणे आला, तो पनामाने घ्यायला नकार दिला. आम्ही सोनं ठरवलं होतं, हे काय पाठवलंत? दोन वर्षांनी नवा करार झाला त्यात आकडा आला ४,३०,००० बाल्बोआ. अडीच लाखांना ३५ ने गुणून २०.६७ ने भागा, सव्वाचार लाखांच्या थोडं खाली येतं. म्हणजे वाढ काही मिळालीच नव्हती, गेलेलं वजन तेवढं परत मिळालं होतं. आणि अमेरिकी सिनेटने त्या कराराला मान्यता देईपर्यंत १९३९ उजाडलं.

चेक नाकारणारे राष्ट्राध्यक्ष होते आर्मोदियो आरियास. त्यांचा धाकटा भाऊ आर्नुल्फो.

एकाच कागदावरची दोन कलमं

डॉ. आर्नुल्फो आरियास माद्रिद हार्वर्डमध्ये शिकलेले वैद्य. २ जानेवारी १९३१ च्या बंडात त्यांचा हात होता. १ ऑक्टोबर १९४० रोजी ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि बंडाला बरोबर दहा वर्षं होताना, २ जानेवारी १९४१ रोजी, त्यांनी देशाला नवी राज्यघटना दिली. तिने अध्यक्षाची मुदत चारवरून सहा वर्षांवर नेली, आणि सरकारी व खाजगी बँकांना कागदी चलन काढण्याची मुभाही दिली. आपली नोट जन्मते ती इथे.

पण त्याच राज्यघटनेत आणखी एक कलम आहे. ज्यांना देशात येण्यास मनाई, अशा लोकांची यादी. मूळ भाषा स्पॅनिश नसलेले काळे लोक. पिवळ्या वंशाचे लोक. आणि भारत, आशिया मायनर व उत्तर आफ्रिका इथले मूळ वंश. भारताचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. अशा लोकांच्या पनामातच जन्मलेल्या मुलांचं नागरिकत्वसुद्धा या तरतुदींनी अडचणीत आणलं. व्यापार फक्त पनामी हातांत ठेवण्याचे कायदे आले, चिनी दुकानदारांना मातीमोलाने दुकानं विकावी लागली, दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये करण्याची सक्ती आली. (पाट्यांच्या भाषेवरून आपल्याकडेही बरंच होतं, त्यामुळे हा भाग वाचताना मराठी वाचकाची भुवई जरा वेगळ्या कारणाने उंचावेल.)

पनामा सिटीत आणि कोलोन बंदरात तेव्हा भारतीय होतेच. सिंधमधल्या हैदराबादचे व्यापारी, ज्यांना ‘सिंधवर्की’ म्हणत, कालव्यातून जाणाऱ्या बोटींवरच्या प्रवाशांना रेशीम आणि शोभेच्या वस्तू विकत. ऑक्टोबर १९४१ च्या त्या आठवड्यात अशा एखाद्या दुकानाच्या गल्ल्यात नवी पाच बाल्बोआची नोट पडली असेल, तर ज्या राज्यघटनेने ती छापायची परवानगी दिली तिनेच दुकानदाराला नकोसा ठरवलं होतं.

माझ्यासाठी या नोटेचं खरं वजन इथे आहे. लिलावाच्या वर्णनांत ‘राष्ट्रीय स्वाभिमानाची नोट’ असं काही छापलेलं असतं. स्वाभिमान होताच, पण तो कुणाचा आणि कुणाला वगळून, हे नोटेच्या जन्मदाखल्यावरच लिहिलेलं आहे. पाच बाल्बोआच्या नोटेवर उर्राका आहे, स्पॅनिश शिपायांशी वर्षानुवर्षं झुंजलेला वेराग्वासचा आदिवासी सरदार. एका बाल्बोआवर स्वतः बाल्बोआ, चिलखतात. वीसवर बैलगाडी. जेता, त्याला न जुमानणारा मूळ रहिवासी, आणि शेतकऱ्याची गाडी: पनामी माणूस म्हणजे कोण, याचं उत्तर या नोटांवर काढून दाखवलं आहे. ज्यांनी कालवा खणला ते त्या चित्रांत नाहीत.

आता पैशाचा हिशेब. नोट काढणं हा झेंडा फडकवण्याचाच प्रकार नसतो, तो धंदाही असतो. देशात फिरायला कागदी डॉलर हवा तर तो आधी कमवावा लागतो: केळी विकून, बोटींना माल पुरवून, कालव्यावर राबून. कमावलेला डॉलर लोकांच्या खिशात पडून राहतो आणि त्यावरचं व्याज कुणालाच मिळत नाही. खरं तर मिळतं, ते तो कागद छापणाऱ्याला. पनामाचा प्रत्येक रहिवासी अमेरिकेला बिनव्याजी उसने पैसे देत होता असं म्हटलं तरी चालेल. डॉलरच्या जागी आपला कागद फिरवला की तेवढे डॉलर सरकारच्या हातात मोकळे होतात. १९३४ मध्ये आपल्या चलनाचं वजन दुसऱ्याने ठरवलेलं पाहिलेल्या घरातल्या माणसाला हे न कळणं अवघड होतं.

३० सप्टेंबर १९४१ रोजी ‘बांको सेंत्राल दे एमिसिओन दे ला रेपुब्लिका दे पनामा’ ही बँक स्थापन झाली. तिला ६० लाख बाल्बोआपर्यंत नोटा काढता येणार होत्या. २ ऑक्टोबरला २७ लाखांच्या नोटा बाहेर आल्या: १, ५, १० आणि २० बाल्बोआ, भाव डॉलरला डॉलर. देशाची वस्ती तेव्हा सहा लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे माणशी चार-साडेचार बाल्बोआ. त्या वेळी डॉलरला सुमारे सव्वातीन रुपये पडत, म्हणजे आपल्या पैशात ही सगळी रक्कम नव्वद लाखांच्या आत. आकडा चिमुकला वाटतो, पण त्या काळी एखाद्या संस्थानाचं अंदाजपत्रक त्यात बसलं असतं.

एक विरोधाभास मला नेहमी गमतीचा वाटतो. त्याच १९४१ मध्ये नाशिकच्या छापखान्यात रिझर्व्ह बँकेच्या नोटा धडाधड छापल्या जात होत्या, त्यांवर सहावे जॉर्ज. आपल्याकडे नोट आपल्या मातीत छापलेली आणि राजा परका. पनामाकडे देश स्वतंत्र आणि नोटच नाही. आणि जी निघाली तीही न्यूयॉर्कच्या हॅमिल्टन बँक नोट कंपनीत छापून आलेली.

हॅमिल्टनचं नाव तिकीट जमवणाऱ्यांना चांगलंच ठाऊक आहे, आणि ते नाव घेताना ते नाक मुरडतात. १८८९-९० च्या सुमाराला निकोलस सीबेक या माणसाने निकाराग्वा, होंडुरास, एल साल्वादोर आणि इक्वाडोरशी करार केले: दरवर्षी नवी तिकिटं फुकट छापून देतो, वर्षअखेर उरलेली आणि पुन्हा छापलेली तिकिटं संग्राहकांना विकण्याचा हक्क मला द्या. छपाई हॅमिल्टनची. त्या उरल्यासुरल्या मालाने जगभरचे अल्बम भरून वाहिले आणि ती तिकिटं आजही कवडीमोल आहेत. त्याच छापखान्यातून अर्धशतकाने निघालेल्या पनामाच्या नोटा मात्र दुर्मिळ, कारण यावेळी उरलेला माल बाजारात आला नाही. तो भट्टीत गेला.

२ ते ९ ऑक्टोबर

नोटा बाहेर पडल्या त्या आठवड्यात आरियास यांच्या टेबलावर नोटांपेक्षा मोठी भांडणं होती. युरोपात युद्ध सुरू होतं. अमेरिकेला कालव्याबाहेर पनामाच्या जमिनीवर विमानतळ आणि तोफांचे तळ हवे होते, तेही दीर्घ मुदतीने. आरियास मोबदल्यावर आणि मुदतीवर अडून बसले होते. शिवाय बऱ्याच अमेरिकी मालकीच्या बोटी पनामाच्या झेंड्याखाली चालत. पाणबुड्यांच्या भीतीने त्यांच्यावर तोफा बसवायच्या होत्या. ६ ऑक्टोबरला आरियास सरकारने त्याला नकार दिला.

७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष विमानात बसून हवानाला गेले. कायद्याने देश सोडायला परवानगी लागत होती, ती घेतली नाही, आणि प्रवाशांच्या यादीत नाव दिलं ‘ए. माद्रिद’. आईचं आडनाव. कुणी सांगतं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, कुणी सांगतं मैत्रिणीला भेटायला. कारण काहीही असो, गादी रिकामी सापडली. ९ तारखेला विरोधकांनी अध्यक्ष पद सोडून गेल्याचं ठरवलं, जेमतेम एक दिवस एर्नेस्तो हाएन ग्वार्दिया अध्यक्ष झाले आणि मग मंत्रिमंडळाने गृह व न्यायखात्याचे मंत्री रिकार्दो आदोल्फो दे ला ग्वार्दिया यांना बसवलं. नव्या सरकारने बोटींवर तोफा बसवू दिल्या, पुढच्या वर्षी मे महिन्यात तळांचा करारही केला.

आणि बँक बंद केली. बाहेर गेलेल्या नोटा परत घेतल्या, न वाटलेला साठा जाळून टाकला.

नोटांमुळे सरकार पडलं असं जे सांगतात त्यांना मी एवढंच विचारतो, की नोटा निघाल्याच नसत्या तर आरियास टिकले असते का? तोफांचं आणि तळांचं भांडण तसंच राहिलं असतं, वाढीव मुदतीमुळे दुखावलेले पनामी राजकारणीही तसेच राहिले असते, आणि हवानाचं तिकीटही. नोटांवर लोकांचा विश्वास उडाला, भाव कोसळला, म्हणून त्या मागे घेतल्या असंही नव्हे. विश्वास बसायला किंवा उडायला सात दिवस पुरत नाहीत. त्या मेल्या कारण त्या एका माणसाच्या होत्या. आपल्याकडे नोट रात्री आठ वाजता रद्द होते तेव्हा निदान सरकार तेच असतं.

शेजारी पाहिलं तर हा फरक ठळक होतो. ग्वाटेमालाच्या केत्झालवर १९२० च्या दशकात तो आणणारे राष्ट्राध्यक्ष ओरेयाना आले. माणूस १९२६ मध्ये गेला, पण चलन टिकलं आणि पुढे कित्येक दशकं डॉलरला केत्झाल असाच भाव राहिला. निकाराग्वात तर नेमक्या १९४१ सालच्या एका कोर्दोबाच्या नोटेवर हुकूमशहा सोमोसा यांची मुलगी लिलियन आदिवासी मुलीचं पीस लावून बसली आहे, आणि ती नोट खुशाल चालली, कारण बाप गादीवर राहिला. होंडुरासमध्ये १९५० साली मध्यवर्ती बँक येईपर्यंत बांको आत्लांतिदासारख्या खाजगी बँकांच्या नोटा चालत. गोव्यात पोर्तुगीज काळात बांको नासियोनाल उल्त्रामारिनोच्या रुपया-नोटा चालत तशाच. यातल्या बऱ्याच नोटा पनामाच्या मानाने पुष्कळ स्वस्तात मिळू शकतात. नवशिक्याने इथून सुरुवात करावी.

राखेतून काय उरतं

आता परत प्रदर्शनातल्या टेबलाकडे. नोट खरी असती तर ती आजपर्यंत कशी पोचली असती, हे आधी ठरवलं पाहिजे. जळालेल्या साठ्यातून काही येण्याची वाट जवळपास बंद. उरतात त्या सात दिवसांत लोकांच्या हाती गेलेल्या आणि परत न केलेल्या नोटा. नोट परत न करणारा माणूस कोण? एक तर विसराळू, किंवा हौशी. कालव्याच्या अमेरिकी ताब्यातल्या पट्ट्यात हजारो अमेरिकी सैनिक आणि कारकून होते, घरी पाठवायला आठवण म्हणून एक बाल्बोआ ठेवून देणारे त्यांत असणारच. आठवण म्हणून माणूस लहान रक्कम ठेवतो. वीस बाल्बोआ ही तेव्हा चैनीची आठवण झाली असती. म्हणून एकची नोट त्यातल्या त्यात भेटते आणि वरच्या किमतीच्या जवळपास भेटत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटत नाही. अल्बर्ट पिक यांच्या, संग्राहक वापरतात त्या जगभरच्या नोटांच्या सूचीत या चार नोटांना २२ ते २५ हे क्रमांक आहेत.

या हिशेबाने थोडी हाताळलेली, पाकिटात एकदा घडी पडलेली नोट मला कोऱ्या नोटेपेक्षा जास्त पटते. कोऱ्या अजिबात नाहीत असं नाही. पण कोरी नोट दिसली की ती कुणाकडून कुणाकडे आली याची साखळी विचारायची. मुलाकडे साखळी नव्हती. “एका पार्टीकडून लॉटमध्ये आली,” एवढंच.

भिंग काढलं. १९४१ च्या अशा नोटा कोरलेल्या धातूच्या पाट्यांवरून छापल्या जात. शाई कागदावर किंचित उभी राहते, बोटाच्या टोकाला खरखर लागते, आणि भिंगाखाली रेघ अखंड दिसते, कडा धारदार. इथे उर्राकाच्या गालावर रेघा नव्हत्याच. ठिपके होते, निळे, गुलाबी, पिवळे, फुलासारखे एकमेकांभोवती. म्हणजे खऱ्या नोटेचा फोटो छापून काढलेला. बोटाला काहीच लागलं नाही.

मी खिशातला छोटा अतिनील दिवा काढला आणि हाताच्या ओंजळीत नोट धरून लावला. कागद निळसर पांढरा पेटला. कागद चमकवणारी रसायनं कागदाच्या धंद्यात १९५० च्या सुमाराला रुळली. १९४१ चा कागद या दिव्याखाली मंद, मातकट दिसायला हवा. (उलटं मात्र धरू नये. कागद पेटला नाही म्हणून नोट खरी ठरत नाही. जुना कोरा कागद मिळवणारे लोक आहेत.) तळाशी हॅमिल्टनचं नाव होतं, पण अक्षरांच्या कडा फुगलेल्या, फोटोतून फोटो काढल्यावर होतात तशा.

पोरगं शांत झालं होतं. “काका, मला खरंच माहीत नव्हतं,” म्हणाला. मला ते खरं वाटलं. ज्याला माहीत असतं तो अठरा हजार सांगत नाही. एक तर अठराशे सांगतो आणि नक्कल म्हणून विकतो, नाहीतर अठरा लाख सांगून सोबत सीलबंद डबीतलं प्रमाणपत्र दाखवतो. त्या डब्यांच्याही नकला होतात, म्हणून डबीवरचा क्रमांक प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या नोंदीशी ताडून, फोटोतली नोट आणि हातातली नोट एकच आहे का ते क्रमांकापासून डागापर्यंत जुळवायचं. मी त्याला नोट पानावर परत ठेवायला सांगितली आणि पाठीमागे पेन्सिलीने ‘नक्कल’ लिही म्हटलं. लिहिलं की नाही, पाहिलं नाही.

आर्नुल्फो आरियास त्यानंतर दोनदा परत आले. १९४९ मध्ये अध्यक्ष झाले, १९५१ मध्ये आपलीच १९४१ ची राज्यघटना पुन्हा आणू पाहताना पद गमावून बसले. १९६८ मध्ये १ ऑक्टोबरला पुन्हा शपथ घेतली आणि ११ तारखेला सैन्याने हाकललं. त्यांच्या नोटेला सात दिवस मिळाले होते, यावेळी त्यांना अकरा मिळाले. नोट मात्र त्यांनी पुन्हा काढली नाही, दुसऱ्या कुणीही नाही. २०११ मध्ये एक बाल्बोआचं दोन धातूंचं नाणं आलं तेव्हा लोकांनी त्याला तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या आडनावावरून ‘मार्तिनेली’ म्हणायला सुरुवात केली. उर्राका एका सेंतेसिमोच्या, म्हणजे बाल्बोआच्या शंभराव्या भागाच्या, नाण्यावर आहे, पनामातलं सगळ्यात छोटं चिल्लर.

त्याच टेबलावर एका कागदी पाकिटात १९०४ चं पन्नास सेंतेसिमोचं चांदीचं नाणं होतं. पंचवीस ग्रॅम, बाल्बोआचं नाक झिजून सपाट झालेलं, काठावर ठोके. रुपेरी पटावरच्या माणसांना पगार मिळत होता तो याच नाण्यांत. मी तेच घेतलं. मुलाने भाव जास्त लावला होता, मी घासाघीस केली नाही. अल्बमच्या पनामाच्या पानावर ते बसत नाही, पानं नोटांच्या मापाची आहेत. म्हणून ते पाकिटासकट टेबलाच्या खणात आहे, आणि पानावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव तसंच.